पहिले चार बिट

मी नेमकं काय काम करतो हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. बायको पाहुण्यांना सांगते, "ते नेटचं बघतात," आणि त्या एका वाक्यापायी नात्यातल्या कुठल्याही लग्नात मी मांडवात पाय टाकला की कुणीतरी मोबाईल पुढं करून म्हणतं, "जरा बघा बरं, रेंज येऊन न्हाई राह्यली." मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. कंपनीच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या मिल आहेत. त्यांच्या धुरानं आमच्या सर्व्हर रूमच्या एसीची जाळी सारखी काळी होते, आणि कंपनीतल्या बहुतेकांच्या मते माझं काम म्हणजे ती जाळी वेळेवर धुऊन घेणं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी एकदा मला सरळच विचारलं होतं, "दिवसभर करतो काय तू तिथं?"

"इकडची माहिती तिकडं नीट पोचते का ते बघतो."

"म्हणजे पोस्टमन."

"तसंच काहीसं."

"मंग येवढं शिकायला कामून गेल्ता?"



अण्णा कुंभार पिंपळगावला टेलर होते. बसस्टँडच्या अलीकडं पत्र्याचं दुकान, पुढं कापडाचा पडदा, एक पायानं चालवायचं मशीन. त्यांच्या शिलाईबद्दल गावात दोन मतं होती, आणि त्यातलं एक मत माझ्या आईचंच होतं. पण त्यांच्या रामरामाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून अर्धा तालुका जायचा. कुणी "रामराम टेलर" म्हणालं की हे "रामराम पाटील". कुणी "जय भीम" घातला की तेवढ्याच ठसक्यात "जय भीम दादा". "सलाम" आला की "वालेकुम सलाम, आओ चाचा, बैठो". भजनी मंडळातल्यांना "जय हरी", कापडाच्या व्यापाऱ्याला "जय जिनेंद्र", शाळेतल्या माणसाला "नमस्कार गुरुजी". चूक कधी व्हायची नाही. आणि गंमत अशी की त्या पहिल्या शब्दावर पुढचं सगळं बोलणं ठरायचं. रामरामवाल्याशी सोयाबीनचा भाव, सलामवाल्याशी त्याच्या भाषेत शेरवानीचा गळा, गुरुजींशी बदल्यांचं राजकारण. समोरच्यानं तोंड उघडून पहिला शब्द टाकेपर्यंत अण्णा गप्प असायचे. तो शब्द आला की हे सुरू.

आणि एखादा शहरात राहून आलेला पोरगा काही न म्हणता एकदम "पँट झाली का?" असं विचारत आत शिरला, तर अण्णा मान वर करत नसत. मशीन चालू. तो पुन्हा विचारायचा. मशीन चालूच. शेवटी तो कंटाळून निघून जायचा आणि अण्णा म्हणायचे, "कोण आल्तं का?" हे ते इतक्या निरागसपणे म्हणायचे की मला लहानपणी खरंच वाटायचं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

आई गेल्यावर अण्णा गावात एकटे राहिले. आम्ही बोलावत होतो, ते येत नव्हते. मग एके रात्री त्यांच्या छातीत कळ आली, आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत ते तसेच पडून होते. जालन्याच्या दवाखान्यात एक नळी मोकळी करून झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता यांना एकटं ठेवू नका. पुढच्या वेळी दूधवाला उशिरा आला तर कठीण आहे." म्हणून अण्णा आमच्याकडं आले, पण अट घालून आले. म्हणाले, "दिवाळीपस्तोर राहतो. करमलं तर बघू. न्हाई करमलं तर मंग पिंपळगाव, अन् मंग मला कुणी आडवायचं न्हाई."

दिवाळीला बरेच महिने होते. मला वाटलं, तेवढ्यात माणूस रुळतो. बायकोनं त्यांच्यासाठी पांढरे बूट आणले, मी त्यांच्या खोलीत टीव्ही लावून दिला. पण रात्री झोपताना माझ्या डोळ्यांसमोर ते पिंपळगावचं घर यायचं, आणि दाराबाहेर ठेवून दिलेली दुधाची पिशवी. मला त्याची भीती वाटायची, हे कबूल करायला मला लाज नाही. मला अण्णा जवळ हवे होते, आणि ते राहतील की जातील हे माझ्या हातात नव्हतं. ते आमच्या कॉलनीच्या हातात होतं, आणि आमच्या कॉलनीचा मला फारसा भरवसा नव्हता.

आमची कॉलनी सुशिक्षितांची आहे. म्हणजे कुणी कुणाशी बोलत नाही. मध्ये एक बाग आहे, बागेभोवती फरशीचा ट्रॅक आहे, आणि सकाळी त्या ट्रॅकवर निवृत्त अधिकारी गोल गोल फिरतात. अण्णा पहिल्या दिवशी नवे बूट घालून गेले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला "रामराम" घातला. एकानंही परत केला नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांच्या अंगावरून पलीकडं बघत गेले. पाटबंधारे खात्यातले एक होते, त्यांनी घड्याळात पाहिलं. पॅथॉलॉजी लॅबवाल्यांच्या कानात इयरफोनची बोंडं होती.

अण्णा घरी येऊन म्हणाले, "ह्या लोकांला ऐकू येत न्हाई का?"

"ऐकू येतं, अण्णा. सवय नसते."

"कशाची सवय? रामराम घ्यायची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज वाढवला. तिसऱ्या दिवशी ट्रॅकवर उलट्या दिशेनं फिरून बघितलं, म्हणजे माणसं समोरून जास्त वेळा येतील. परिणाम एकच. आठवड्याभरात ते ट्रॅकवर जायचे बंद झाले आणि गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू लागले. जेवताना म्हणाले, "गावात एखाद्यानं रामराम न्हाई घेतला तर त्याचं-आपलं भांडण हाय असं समजतेत. हितं समद्या कॉलनीचं माझ्याशी भांडण हाय अन् कशापायी ते कुणी सांगून न्हाई राह्यलं." त्यांनी मळ्यात राहणाऱ्या आपल्या भावाला फोन करून गावच्या घराचे पत्रे गळतात का तेही विचारून घेतलं. मला ते ऐकू यावं अशा आवाजात विचारलं.

त्याच सुमारास कंपनीत माझ्यावर एक बालंट आलं. आमचे शेतावरचे लोक तीर्थपुरीपासून परतूरपर्यंत हिंडून बियाण्याच्या प्लॉटचे फोटो काढतात आणि मोबाईलवरून आमच्या सर्व्हरला पाठवतात. कंपनीनं इंटरनेटची नवी लाइन घेतली आणि दुसऱ्याच दिवसापासून निम्म्या लोकांचे फोटो येईनासे झाले. निम्म्यांचे येत होते, हे जास्त वाईट. सगळंच बंद पडलं असतं तर दोष लाइनवाल्याचा होता. निम्मं बंद म्हटल्यावर दोष माझा.

शेतावरून एक जण फोनवर म्हणाला, "साहेब, म्या सकाळपासून पाठवून राह्यलो. नुसती चकरी फिरून राह्यली. न्हाई म्हणत न्हाई, हो म्हणत न्हाई."

मॅनेजरनं मला बोलावून एसीची जाळी धुतली का विचारलं. ती धुतलेली होती. मग ते म्हणाले, "मग बघा काय ते."

मी बघितलं. इंटरनेटवरून काहीही पाठवलं, फोटो असो की शिवी, त्याचे तुकडे होऊन ते पॅकेटमधून जातात. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर एक मजकूर असतो, त्याला हेडर म्हणतात. कुठून आलं, कुठं जायचं, किती मोठं आहे, सगळं त्यात. पण हे हेडर लिहायच्या सध्या दोन रीती चालतात. जुनी रीत चार नंबरची, नवी सहा नंबरची. पाच नंबर मध्येच एका प्रयोगाला देऊन टाकला होता, तो प्रयोग काही संसाराला लागला नाही, म्हणून चारनंतर थेट सहा. जुन्या रीतीत पत्ते छोटे, ते जगाला पुरेनात, म्हणून नव्या रीतीत पत्ते चांगले चौपट लांब केले. साहजिकच आतली सगळी मांडामांड बदलली. जुन्यात पाठवणाऱ्याचा पत्ता जिथं सापडतो, तिथं नव्यात भलतंच काहीतरी असतं. चुकीच्या रीतीनं वाचलं तर पत्त्याच्या जागी कचरा हाती लागेल.

मग वाचणाऱ्याला कळायचं कसं? तर दोन्ही रीतींनी एक गोष्ट मात्र जागेवर ठेवली आहे: पॅकेटचे अगदी पहिले चार बिट. चार बिट म्हणजे शून्य किंवा एक असे चार ठिपके. तिथं शून्य-एक-शून्य-शून्य असलं तर चार, शून्य-एक-एक-शून्य असलं तर सहा. फरक फक्त एका ठिपक्याचा. बाकी हेडरमध्ये काही का असेना, आधी हे चार बिट वाचायचे आणि मग पुढचं कसं वाचायचं ते ठरवायचं. या चार बिटांवाचून पुढच्या कशालाच अर्थ नाही.

मी आमच्या फायरवॉलच्या बाहेरची आणि आतली पॅकेटं पकडून शेजारी शेजारी लावली. फायरवॉल म्हणजे कंपनीच्या दारातला पहारेकरी डबा, कंपनीइतकाच जुना. बाहेरच्या बाजूला दोन प्रकारच्या ओळी होत्या. काही चारनं सुरू होणाऱ्या, काही सहानं. आतल्या बाजूला फक्त चारनं सुरू होणाऱ्या. सहानं सुरू होणारं प्रत्येक पॅकेट त्या डब्यानं पहिले चार बिट बघून टाकून दिलं होतं. पुढचं वाचलंही नव्हतं. पाठवणाऱ्याला नकार कळवला नव्हता, स्वतःच्या नोंदीत लिहिलं नव्हतं, कुठं लाल दिवासुद्धा लावला नव्हता. नव्या लाइनसोबत आमच्या सर्व्हरला सहा नंबरचाही पत्ता मिळाला होता. ज्यांच्या मोबाईलला नवी रीत येत होती, ते बिचारे त्या पत्त्यावर शेतात उभे राहून पाठवत होते आणि आमचा डबा मशीनवर मान खाली घालून बसला होता.

त्या रविवारी सकाळी मी अण्णांसोबत गॅलरीत चहा घेत होतो. मला आनंद झाला होता, आणि आनंद सांगायला घरात दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. बायकोनं पहिल्या वाक्यालाच "बरं झालं" म्हणून विषय संपवला होता. म्हणून मी अण्णांना सांगितलं. सगळं सांगितलं, चार आणि सहा, पहिले बिट, डबा.

अण्णा चहा बशीत ओतायचे थांबले. "म्हणजे आधी बघायचं कोणत्या रीतीचा हाय, मंग त्याचं आईकायचं."

"बराबर."

"अन् रीत आपली न्हाई म्हणल्यावर?"

"त्या डब्यानं फेकून दिलं. आवाज न करता."

"त्याला सांगायचं तरी, की बाबा तुझं मला कळत न्हाई."

"सांगायला पाहिजे खरं तर. पण बरेच डबे सांगत नाहीत."

अण्णांनी खाली ट्रॅककडं बघत उरलेला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "कापडावरून बी कळतं म्हणा. टोपी, धोतर, गळ्यातला रुमाल."

मी म्हणालो, पॅकेट ज्या पाकिटातून येतं त्याच्यावरही रीतीची खूण असते, पण आतलं उघडल्यावर पुन्हा हे चार बिट तपासतातच. अण्णा म्हणाले, "तपासायलाच पाह्यजे. टोपीचा काय भरवसा?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मंग माझा रामराम खाली पडून न्हाई राह्यला रे. ह्यांचा नंबर येगळा हाय, येवढंच."

मी हो म्हणालो. मला वाटलं, बापाला निदान अपमान झाल्यासारखं वाटणं तरी थांबलं. पुढं ते काय करणार आहेत याची मला कल्पना असती, तर मी त्या दिवशी क्रिकेटबद्दल बोललो असतो.

सोमवारी अण्णा पुन्हा बूट घालून ट्रॅकवर गेले. कॉलनीचा नंबर शोधायला. आयुष्यभर दुकानात बसून जेवढे नंबर कमावले होते, ते सगळे त्यांनी एकेक करून लावून बघितले. बँकवाल्यांना "जय हरी" घातला. ते म्हणाले, "आमची वर्गणी मागच्याच महिन्यात दिली." पांढरे कपडे बघून लॅबवाल्यांना "जय जिनेंद्र" म्हणाले. त्यांनी बोंडं न काढता अंगठा दाखवला. गेटवरच्या वॉचमनला "सलाम" केला, तर त्यानं उठून कडक सॅल्यूट मारला, कारण त्याच्या नोकरीत तेच येतं. एका प्राध्यापकांच्या खिडकीतून आतली तसबीर दिसली होती, म्हणून त्यांना "जय भीम" घातला. ते मात्र थांबले. हसून "जय भीम" म्हणाले, गाव विचारलं, वस्ती विचारली, दोन फेऱ्या सोबत मारल्या. मग अण्णा टेलर असल्याचं आणि बाकीचंही कळल्यावर म्हणाले, "मग तुम्ही जय भीम कसं काय?" अण्णा म्हणाले, "तुम्हाला चालतं म्हणून." प्राध्यापक मनापासून हसले. पण त्यांनाही कॉलनीतच राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी चारचौघांसमोर त्यांनी नुसती मान हलवली.

अण्णांनी मला याचा रोज अहवाल दिला. ते इतक्या हुरुपात होते की थांबवायचं माझ्या जिवावर आलं. आणि कॉलनीत काय चाललंय हे मला सगळ्यात शेवटी कळलं. कॉलनी बोलत नाही असं मी समजत होतो. ती माझ्याशी बोलत नव्हती, एवढंच.

त्याच्या पुढच्या रविवारी सोसायटीचे अध्यक्ष आणि सचिव घरी आले. अध्यक्ष म्हणजे तेच पाटबंधारे खात्यातले, सचिव म्हणजे लॅबवाले. बोंडं काढून आले होते, त्यावरून काम गंभीर होतं. बायकोनं पोहे दिले. आधी पाण्याच्या टँकरवर बोलणं झालं, मग भटक्या कुत्र्यांवर. मुद्द्याला हात कुणी घालेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुमचे वडील फार मिळून मिसळून आहेत. फक्त, काही लोकांचा जरा गोंधळ होतोय."

"कसला?"

"म्हणजे एका दिवशी एक म्हणतात, दुसऱ्या दिवशी दुसरं. तसा आम्ही हा विषय मानत नाही. आपली कॉलनी सुशिक्षितांची आहे. पण लोक विचारतात की ते नेमके..." त्यांनी पोह्यातला शेंगदाणा शोधला. "म्हणजे नेमके कुणापैकी?"

विषय न मानणाऱ्या त्या दोन सभ्य माणसांना माझ्याकडून फक्त चार बिट हवे होते. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हणालो, "ते टेलर होते." यानं त्यांचं समाधान झालं नाही. टेलर कुणीही असू शकतो.

अण्णा आतून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, खुर्ची ओढून बसले आणि अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं काय चालतं तेवढं सांगा. म्या तेच म्हणतो. मला बिलकुल अडचण न्हाई."

दोघं एकमेकांकडं बघू लागले. आपल्याकडं काय चालतं हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "तसं काही नाही. गुड मॉर्निंग चालतं."

"बास?"

"बास."

"मंग आधीच सांगायचं ना," अण्णा म्हणाले, आणि पोहे कसे झालेत ते विचारलं.

ते गेल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. "तुझ्या त्या डब्याचं काय केलंस?"

मी सांगितलं की नवा डबा यायला वेळ लागेल. तोवर एक युक्ती केली आहे. डब्याच्या बाहेरच सहा नंबरचं पॅकेट अख्खंच्या अख्खं चार नंबरच्या पाकिटात घालायचं. डबा बाहेरचे चार बिट बघतो, ओळखीचे वाटतात, आत सोडतो. आत गेल्यावर पाकीट फाडायचं, की सहावालं जसंच्या तसं. याला आमच्यात बोगदा म्हणतात.

"म्हणजे वरून गुड मॉर्निंग. आत रामराम."

"हो, तसंच."

"चालतंय ना पण? फसवणूक न्हाई ना ही?"

"नाही. सगळं जग करतं."

अण्णांनी मान डोलावली. सोमवारपासून ट्रॅकवर "गुड मॉर्निंग" सुरू झालं. पहिल्या दिवशी सात जणांनी परत केलं असं त्यांनी सांगितलं, पण ते थोडं वाढवून सांगतात. चार-सहा दिवसांत बँकवाले थांबून बोलायला लागले. अण्णा बाहेरून "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि ते आत घेतलं गेलं की लगेच पिंपळगावच्या भाषेत सुरू व्हायचे, गुडघेदुखीला काय लावावं इथपासून लोकांच्या सुनांपर्यंत. बँकवाले मूळचे तीर्थपुरीजवळचे निघाले. अण्णांशी बोलता बोलता त्यांच्या तोंडूनही एकदा "लई भारी" निघून गेलं आणि त्यांनी इकडंतिकडं बघितलं. लॅबवाल्यांनी अण्णांची साखर फुकट तपासून दिली. अध्यक्षांच्या कोटाची बाही अण्णांनी उसवून नीट बसवून दिली. बायको माहेरून शिलाई मशीन घेऊन आली. प्राध्यापक संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला येऊ लागले.

मी हे सगळं बघत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी कंपनीतही लोकांना न विचारता मदत करू लागलो. नवा डबा आला, दोन्ही रीती वाचणारा. फोटो येऊ लागले. मॅनेजर म्हणाले, "बघा, जाळी धुतल्याचा फरक पडतोच." मी वाद घातला नाही.

दिवाळी आली. अट मी विसरलो नव्हतो. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, भाऊबीजेला अण्णांची बहीण येऊन गेली, आणि अण्णा पिंपळगावचं नाव काढीनात. मी विचारायला धजत नव्हतो. शेवटी बायकोनंच विचारलं, "अण्णा, मग काय ठरवलं?" ते भावाला फोन लावत होते. फोन कानाला लावूनच म्हणाले, "राहतो की. करमून राह्यलं मला." आणि भावाला सांगितलं, घर बघायला कुणी येत असलं तर भाड्यानं देऊन टाक. मी आत जाऊन थोडा वेळ तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. मला रडू आलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली. कामावर जायच्या पहिल्या सकाळी मी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतो. अण्णा फिरून आले, फाटक लावलं, माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग."

मीही मान खाली ठेवूनच "गुड मॉर्निंग" म्हणून गेलो. मग हात थांबले. आमच्यात घरातल्या घरात कुणी कुणाला काही घालत नाही. रामराम बाहेरच्याला असतो, पाहुण्याला, गिऱ्हाइकाला. घरच्या माणसाला अण्णा "उठला का?" म्हणतात, "च्या झाला का?" म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी मला एकदाही रामराम घातलेला नाही.

मी वर बघितलं. ते हसतमुख होते, कानाला मफलर, पायात पांढरे बूट.

"अण्णा, मला कशाला गुड मॉर्निंग?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "तू हितलाच की रे," ते म्हणाले, आणि पेपर उचलून आत गेले.